दस्तुरीची पावती

दिवाळी अंकात कबुलीजबाब देऊ नये, असा काही नियम नाही. उलट अभ्यंगस्नानाने अंगाचा मळ जातो, तसा मनाचाही थोडा गेला तर बरेच. म्हणून यंदा या सदरात, चकली-करंजीच्या ताटाशेजारी, माझी एक लबाडी वाढून ठेवतो आहे. वाचकांनी ती गोड मानून घ्यावी.

मी बदलापूरला राहतो आणि उल्हासनगरच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. अंतर दहा-बारा किलोमीटर, मध्ये अंबरनाथ. पण सकाळी बदलापूरच्या फलाटावर गाडीत शिरणे ही एक स्वतंत्र विद्या आहे आणि एम. ए.पर्यंत शिकूनही ती मला साधलेली नाही. त्यातच गेल्या वर्षी डॉक्टरांनी माझ्या रक्ताचा कागद वाचून सांगितले, "साखर उंबरठ्यावर उभी आहे. आत घ्यायची की नाही, ते तुम्ही ठरवा." गर्दी आणि साखर या दोन्हींवर एकच उपाय मला सुचला, तो म्हणजे सायकल.

सायकल घेतली ती उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पातल्या एका जुन्या दुकानातून. दुकानाचे मालक सत्तरीचे सिंधी गृहस्थ. सगळे त्यांना दादा म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. फाळणीनंतर सिंधमधून आलेले निर्वासित लष्कराच्या रिकाम्या बराकींत उतरले, तेव्हा या भागाला कल्याण कॅम्प म्हणत. ऑगस्ट १९४९ मध्ये उल्हास नदीवरून त्याचे उल्हासनगर झाले. दादांचे वडील त्या पहिल्या लोकांतले. हँडलला दोन पिशव्या अडकवून ते कल्याणपर्यंत पापड विकायला जात. दादा अजून सांगतात, "प्रोफेसर, आमचं घर सायकलनं उभं केलं. मोटार नंतर आली."

मला साधी काळी सायकल हवी होती. दादांनी माझ्या पोटाकडे एकवार पाहिले आणि जाड टायरांची, गिअरची, डोंगरावर चालवायची सायकल पुढे केली. ही जात मूळची अमेरिकेतली. कॅलिफोर्नियातल्या टमालपायस डोंगराच्या परिसरात १९७०च्या दशकात काही हौशी तरुण जुन्या दणकट सायकली घेऊन कच्च्या वाटेने सुसाट खाली येत. १९७६ पासून त्यांनी त्या उताराची शर्यतच लावली. एका उतारात ब्रेकमधले ग्रीस जळून धूर निघे आणि प्रत्येक वेळी ते नव्याने भरावे लागे. शर्यतीचे 'रिपॅक' हे नाव त्यावरूनच पडले. पुढे ती हौस इतकी वाढली की १९९६ साली अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये या सायकलींची शर्यत झाली. म्हणजे ही सायकल जन्मली उतारासाठी. चढायचे कसे, हा प्रश्न तिच्या मालकांपुढे नंतर उभा राहिला. माझ्यापुढेही तो तसाच उभा राहिला.

गिअरची गोष्ट मी दादांकडून समजून घेतली. साध्या सायकलीचे पुढचे दात्यांचे चाक मोठे आणि मागचे लहान असते. पायडलची एक फेरी मारली की मागचे चाक अडीच वेळा फिरते आणि सायकल पाच मीटर पुढे जाते. या सायकलीत पुढे बावीस दात्यांचे आणि मागे बत्तीस दात्यांचे चाक लावता येते. मग पायडलच्या एका पूर्ण फेरीत मागचे चाक एक फेरीसुद्धा पुरी करत नाही. सायकल जेमतेम दीड मीटर सरकते, पण तीही चढावर सरकते. दुकानात किलोने घेतलेला माल परवडत नसला, तर पावशेराच्या पुड्या बांधून न्यायच्या, तसाच हा प्रकार. माल तेवढाच, खेपा जास्त.

फ्रान्समधली टूर द फ्रान्स ही प्रसिद्ध शर्यत ज्यांनी १९०३ साली सुरू केली, त्या आंरी देग्रांज यांना गिअरचा भारी तिटकारा. गिअर हे पंचेचाळिशी उलटलेल्यांसाठी असतात, असे त्यांचे मत होते. त्यांच्या शर्यतीत चेन बदलणाऱ्या गिअरना परवानगी मिळायला १९३७ साल उजाडले. मला चव्वेचाळीस पुरी झाली आहेत. देग्रांजसाहेबांच्या हिशेबाने मी एक वर्ष आधीच गिअर वापरतो आहे, एवढीच काय ती माझी चूक.

तर रोज सायकलने महाविद्यालयात जाऊ लागलो. येताना कधी वाट वाकडी करून अंबरनाथच्या शिवमंदिरापाशी पाच मिनिटे टेकतो. शिलाहारांच्या काळातले, १०६० सालचा शिलालेख असलेले ते देऊळ. साडेनऊशेहून अधिक वर्षे उभे राहिलेल्या दगडांपुढे माझ्या गुडघ्यांची कुरकुर आपोआप थांबते. दोन-तीन महिन्यांत उड्डाणपुलाच्या चढावर धाप लागेनाशी झाली आणि माणसाला धाप लागेनाशी झाली की तो बोलू लागतो. मीही स्टाफरूममध्ये बोलू लागलो.

एके दिवशी आमचे क्रीडाशिक्षक शांतपणे म्हणाले, "सर, पूल पुरे झाले. एकदा नेरळचा घाट चढून माथेरानला जाऊन या."

घरी ही गोष्ट मी हसण्यावारी नेली, पण दहावीतल्या कन्येने ती उचलून धरली. "बाबा, जमेल तुम्हाला?" या प्रश्नातले 'जमेल' तिने अशा सुरात उच्चारले की प्रश्नचिन्हाची गरजच उरली नाही.

माथेरान आपल्याला परके नाही. ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० सालच्या मे महिन्यात चौक गावाकडून तो डोंगर पायी चढला आणि साहेब लोकांना थंड हवेचे ठिकाण मिळाले. पुढे आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने पदरचे पैसे घालून छोटी गाडी बांधली. ती १९०७ साली धावू लागली. दोन फुटी रूळ, जास्तीत जास्त चढ वीस फुटांना एक फूट. डोंगर चढायला ही गाडी सुमारे वीस किलोमीटर वळसे घेते. मोटारीचा रस्ता मात्र नेरळपासून आठ-नऊ किलोमीटरांत दस्तुरी नाक्याला पोचतो. गाडीला जो डोंगर वीस किलोमीटरांत चढवत नाही, तो मी निम्म्याहून कमी अंतरात चढायला निघालो होतो. रस्ता करणाऱ्यांना घाई होती, त्याचे फळ माझ्या पोटऱ्यांना भोगायचे होते.

जानेवारीतल्या एका रविवारी पहाटे निघालो. वांगणीपर्यंत उजव्या हाताला चंदेरीचा सुळका सोबतीला होता. शेलू मागे पडले, नेरळ आले. वीस किलोमीटर झाले तरी पाय ताजे होते. घाट लागला आणि पहिल्या किलोमीटरातच सर्वांत हलका गिअर संपला. त्याखाली आणखी एक असेल म्हणून मी दोनदा चाचपून पाहिले. नव्हता. जुम्मापट्टीच्या आसपास छोट्या गाडीचे रूळ रस्त्याला भेटतात. तिथपर्यंत कसाबसा पोचलो. पुढे एका उभ्या वळणावर समोरची टॅक्सी थांबली, म्हणून मीही थांबलो आणि पाय टेकला.

चढावर पाय टेकणे सोपे असते, तो पुन्हा उचलणे कठीण. एक पाय पायडलवर ठेवून जोर लावावा, तर दुसरा वर येईपर्यंत सायकल मागे घसरे. तीनदा प्रयत्न केला. चौथ्या वेळी सायकलसकट कठड्यावर जाऊन आदळलो. मग शंभर-दीडशे पावले सायकल ढकलत नेली आणि कठड्यावर बसलो. पिशवीतली केळी एका माकडाने माझ्यादेखत नेली. मला त्याला हाकलण्याचीही ताकद नव्हती. अर्ध्या तासाने सायकल फिरवली आणि खाली आलो.

नेरळ स्टेशनाबाहेर माथेरानची म्हणून चिक्की मिळते. ती घेतली. अगदी खरे सांगतो, ती घेताना माझ्या मनात पाप नव्हते. लेकीला चिक्की आवडते, एवढेच होते.

घरी आलो. दार उघडताच कन्येने विचारले, "बाबा, पोचलात?"

मी आयुष्यभर विद्यार्थ्यांना मराठीचे बारकावे शिकवत आलो. 'हो' हा आपल्या भाषेतला एकाक्षरी शब्द. ना प्रत्यय, ना विकार. पण तो तोंडातून निघाला की त्याचे पुढचे वाक्य आपल्या हाती राहत नाही.

"हो," मी म्हणालो.

"फोटो?"

"फोनची बॅटरी संपली. बाजारापर्यंत चालत गेलो. ही बघ चिक्की."

एका 'हो'ला आधार द्यायला किती टेकू लागतात पाहा. सौभाग्यवती ओट्याशी होत्या. त्यांनी एकदा वळून पाहिले आणि पुन्हा फोडणीकडे वळल्या.

दुसऱ्या दिवशी कन्येने तिच्या मैत्रिणीला सांगितले, मैत्रिणीच्या आईने कोणाला तरी सांगितले आणि बुधवारी स्टाफरूममध्ये मला शाल आणि श्रीफळ मिळाले. पदार्थविज्ञानाच्या सरांनी फळ्यावर हिशेबच मांडला. मी, सायकल आणि पाणी मिळून नव्वद किलो वजन दोन हजार फूट उचलायचे. दोन तास धरले तर सरासरी पंचाहत्तर वॉट. "म्हणजे सरांनी दोन तास छताचा एक पंखा फिरवला!" सगळे हसले. मीही हसलो. पंखा फिरत होता आणि घाम मला फुटत होता.

नारळाची बर्फी झाली. शाल कपाटात गेली. प्रकरण मिटले असे वाटत असतानाच 'जिद्द' या विषयावर विद्यार्थ्यांशी दोन शब्द बोला, असा आग्रह झाला. नाही म्हणायला कारण सापडेना. बोललो, आणि बरे बोललो. नाशिकच्या महाजन बंधूंचा दाखला दिला. २०१५ साली या दोघा डॉक्टरांनी आळीपाळीने सायकल चालवून अमेरिका खंड पश्चिमेपासून पूर्वेपर्यंत नऊ दिवसांच्या आत ओलांडले. मुंबईच्या त्या पारशी तरुणांचा दाखला दिला, जे १९२३ साली सायकलींवर जगप्रवासाला निघाले आणि १९२८ साली परतले. या खऱ्या लोकांच्या पंगतीत शेवटी मी माझेही पान मांडले. टाळ्या पडल्या.

व्याख्यानानंतर एक मुलगा थांबला. दुसऱ्या वर्षाला होता. रात्री अंबरनाथच्या एका कारखान्यात पॅकिंगचे काम करून सकाळी वर्गात बसणारा, म्हणजे बसल्या बसल्या झोपणारा. अर्थशास्त्रात दोनदा नापास झाला होता. म्हणाला, "सर, मी कॉलेज सोडणार होतो. आईलाही सांगून टाकलं होतं. पण तुमचं ऐकलं आणि परत फॉर्म भरायचं ठरवलं."

त्या रात्री मला झोप लागली नाही. शाल परत करता येते, नारळाची भरपाई करता येते. पण एका पोराने माझ्या खोट्यावर आपले वर्ष लावले होते. त्याला खरे सांगावे, तर त्याचा फॉर्म राहील अशी भीती. न सांगावे, तर मी कोण? शेवटी माणसे करतात तेच मी केले. खरे सांगण्याऐवजी खोटे खरे करायचे ठरवले.

दादांच्या दुकानात गेलो. इतर कोणाला सांगितले नव्हते, ते त्यांना सांगितले. ब्रेकची रबरे बदलत त्यांनी सगळे ऐकून घेतले. मला वाटले हसतील. ते हसले नाहीत.

"पाय टेकला, त्यात काय?" ते म्हणाले. "चढावर सायकल सरळ ठेवून बसायला गेलास म्हणून घसरला. गाडी येत नाही बघून सायकल रस्त्याला आडवी लाव. आडव्या रस्त्यात चढ नसतो. दोन पायडल मार, मग हळूच वर वळव. आणि वर बघू नको. चाकाच्या पुढे दहा फूट बघ."

एवढी साधी गोष्ट! मी ज्या वळणावर हरलो, तिथे माझी ताकद कमी पडली नव्हती, फक्त एक युक्ती ठाऊक नव्हती. ठाऊक नाही हे कबूल करण्याऐवजी मी 'हो' म्हणून बसलो होतो.

महिनाभर उड्डाणपुलाच्या चढावर थांबून पुन्हा चढण्याचा सराव केला. लोक वळून पाहत. शिवरात्र झाली, थंडी शिव शिव म्हणत गेली आणि पुढच्याच रविवारी पहाटे मी सायकल काढली. "जरा फिरून येतो," एवढेच घरी सांगितले. सौभाग्यवतींनी न मागता दोन पाण्याच्या बाटल्या भरून दिल्या आणि वर गुळाचा खडा दिला.

या वेळी घाटाच्या पायथ्याशीच सर्वांत हलका गिअर लावला. पादचाऱ्याच्या वेगाने जायचे, पण जात राहायचे. दहा फुटांच्या पुढे पाहायचे नाही. चढताना माणसाचे जग फार लहान होते. डांबरावरची एक भेग, एक वाळलेले पान, मग पुढची भेग. श्वास पायडलला बांधून घेतला. दोन फेऱ्यांत आत, दोन फेऱ्यांत बाहेर. जुम्मापट्टी आली. ते वळण आले. माकडेही होती. बहुधा तीच असावीत, माझ्याकडे त्यांनी ओळखीच्या नजरेने पाहिले.

आणि नेमका तिथेच पुन्हा पाय टेकावा लागला. वरून गाडी येत होती. ती गेली. मागेपुढे पाहिले, सायकल आडवी लावली, दोन पायडल मारली, वर वळवली. लागली! एवढा आनंद मला एम. ए.च्या निकालाच्या दिवशीही झाला नव्हता.

पुढे आणखी दोनदा थांबलो. एकदा पोटरीत गोळा आला म्हणून आणि एकदा खाली पाहायचा मोह झाला म्हणून. पायाखाली उल्हास नदीचे खोरे पसरले होते आणि पलीकडे उन्हात धूसर झालेल्या वस्त्या. त्यांत बदलापुरातली आमची इमारत कुठे असेल, ते शोधत उभा राहिलो. सापडली नाही, पण त्या दिशेने पाहून उगाचच संकोच वाटला.

दस्तुरी नाक्याला पोचलो तेव्हा शर्ट पिळून काढण्यासारखा झाला होता. माथेरानात मोटारींना मज्जाव असल्याने गाड्यांची दौड तिथेच संपते. सायकल नाक्यावर एका ओळखी झालेल्या हमालाच्या स्वाधीन केली, प्रवेशकराची पावती फाडली आणि जानेवारीत ज्या बाजारात मी 'जाऊन' आलो होतो, त्या बाजाराकडे पहिल्यांदाच चालू लागलो. छोट्या गाडीच्या रुळांकडेने, घोड्यांच्या टापांनी उडालेल्या तांबड्या धुळीतून. २०१९च्या पावसात हे रूळ वाहून गेले होते आणि २०२२च्या ऑक्टोबरात गाडी पुन्हा नेरळहून वर येऊ लागली. पडलेले पुन्हा बांधून काढता येते, असा दिलासा मी त्या रुळांकडून घेतला.

एका दुकानाच्या पायरीवर बसून खिशातून फोन काढला. बॅटरी भरलेली होती. घरचा नंबर लावणार, तोच थांबलो. काय सांगणार? "पोचलो" म्हणून? मी तर दीड महिन्यापूर्वीच पोचलो होतो! पावती हातात होती, पण तीही कोणाला दाखवण्याची सोय नव्हती, कारण तिच्यावर तारीख होती. आयुष्यात एकदाच काहीतरी अवघड गोष्ट केली आणि ती सांगायला जगात माणूस नव्हता. खोटे बोलण्याची शिक्षा काय असते, हे लहानपणी आई सांगे. मला ती दोन हजार फुटांवर समजली.

उतरताना प्रत्येक दोन वळणांनी थांबलो. चाकाच्या कडेला बोट लावले तर चटका बसत होता. कॅलिफोर्नियातल्या त्या पोरांचे ब्रेक का जळत, ते पटले.

दुपारी घरी आलो. बूट बाहेर काढून आंघोळीला गेलो. परत येतो तो सौभाग्यवती बूट हातात घेऊन दारात उभ्या.

"घाट जमला वाटतं," त्या म्हणाल्या.

माझ्या हातातला टॉवेल तसाच राहिला. "कुठला घाट?"

"अहो, लग्नानंतर आपण माथेरानला गेलो होतो ना, तेव्हा माझ्या पांढऱ्या साडीचा काठ तांबडा झाला तो कधी निघालाच नाही. जानेवारीत तुम्ही बाजारापर्यंत चालून आलात म्हणे, पण तुमचे मोजे पांढरे स्वच्छ. आज बघा." त्यांनी बूट उलटे करून आपटले. फरशीवर तांबड्या मातीचा लहानसा ढीग पडला.

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"तुम्ही पुन्हा जाल असं वाटलं म्हणून," त्या म्हणाल्या. मग थोडे थांबून पुढे म्हणाल्या, "पण त्या मुलाला सांगा हं. त्याची परीक्षा जवळ आली असेल."

त्या मुलाबद्दल मी घरी एक अक्षर बोललो नव्हतो. झोपेत बोललो असेन.

संध्याकाळी कन्येला सांगितले. ती बराच वेळ गप्प होती. मग तिने पावती मागून घेतली, तारीख नीट वाचली आणि माझ्या टेबलाच्या काचेखाली सरकवून ठेवली. बोलली काहीच नाही. तो वेळ मला घाटातल्या सगळ्या वळणांहून जड गेला.

सोमवारी शाल घेऊन स्टाफरूममध्ये गेलो. सगळे सांगितले. मंडळींनी शाल परत घेतली नाही, चहा मात्र माझ्याकडून उकळला. मग वर्गात गेलो. पाठ बाजूला ठेवला आणि मुलांना सांगितले की जिद्दीवर बोललो तेव्हा मी निम्म्या वाटेवरून परत आलो होतो. वर नंतर गेलो, कालच. वर्ग चिडीचूप झाला. मागच्या बाकावर तो मुलगा जागा होता. मी त्याच्याकडे पाहण्याचे टाळत होतो.

तास संपल्यावर तो टेबलाजवळ आला. मी म्हणालो, "रागावलास?"

तो क्षणभर विचारात पडला, मग त्याचा चेहरा एकदम उजळला.

"म्हणजे सर," तो म्हणाला, "तुम्हालापण केटी लागली होती!"